चीनकडे पाहणारे डोळे

सोलापूरकराला चीनविषयी काय ठाऊक आहे असे विचारले, तर पहिले उत्तर एका नावाचे येते : डॉ. द्वारकानाथ कोटणीस. दुसरे उत्तर १९६२ या सालाचे येते. तिसरे, अलीकडचे, बाजारातल्या स्वस्त मालाचे. एक उत्तर अभिमानाचे, दुसरे जखमेचे, तिसरे घासाघिशीचे. तिन्ही उत्तरे खोटी नाहीत; पण तिन्हींत चीन थोडा आहे आणि आपण पुष्कळ आहोत. आपल्या अभिमानाला, आपल्या रागाला आणि आपल्या खिशाला चीन जेवढा लागला, तेवढाच आपण पाहिला.

हा विषय आम्ही का घेतला, हे आधी सांगितले पाहिजे. आम्ही पंडित नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कामगारांच्या सभांनी, औद्योगिक न्यायालयातल्या कागदांनी आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकांनी दिले. पण एका विद्येत आमची तीस वर्षे गेली आहेत, ती म्हणजे एकाने दुसऱ्याचे केलेले वर्णन ऐकणे. मागणीपत्र देण्याच्या आदल्या दिवशी जो कामगार मालकाच्या तोंडी 'घरचा माणूस' असतो, तोच दुसऱ्या दिवशी 'कुणाच्या तरी चिथावणीला बळी पडलेला' ठरतो. माणूस तोच, माग तोच, हातही तेच. मधल्या रात्रीत बदललेला असतो तो फक्त टेबलावरचा एक कागद. युरोपातल्या विद्वानांनी चीनचे चारशे वर्षे जे वर्णन केले ते वाचताना आम्हांस पदोपदी हीच आठवण होत गेली. म्हणून वाटले की, हा विषय तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांइतकाच आमचाही आहे.

आधी चीनने आपल्याला पाहिले

युरोपकडे वळण्यापूर्वी एक जुना हिशेब पाहू. चीनची आणि आपली ओळख युरोपियनांनी करून दिलेली नाही. कालिदासाच्या 'शाकुंतला'त चीनांशुक, म्हणजे चिनी रेशमी वस्त्र, आहे; कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त चीनपट्ट आहे. मालामागून माणसेही आली. इ. स. ६४१ च्या सुमारास ह्युएनत्संग हा चिनी भिक्षू दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला. आपला हा मुलूख तेव्हा चालुक्यांच्याच सत्तेखाली होता. महाराष्ट्रातील लोकांचे वर्णन त्याने करून ठेवले आहे. हे लोक साधे पण मानी. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा तर शत्रूला आधी सूचना देतात. शरण आलेल्याला मारत नाहीत, असे तो म्हणतो. आपण हे वर्णन मोठ्या आवडीने सांगतो, कारण ते आपल्याला शोभून दिसते.

परंतु तोही पाहुणाच होता. तो बौद्ध धर्माचे ग्रंथ शोधायला आला होता. विहार किती, भिक्षू किती, राजा धर्माला अनुकूल की प्रतिकूल, याकडे त्याचे डोळे आधी जात. पाहणारा आपली गरज गाठीला बांधून येतो, हा नियम त्यालाही लागू आहे. फरक इतकाच की, तो सोळा-सतरा वर्षे घराबाहेर राहिला, इथली भाषा शिकला आणि नालंदेत शिष्य म्हणून बसला. शिकायला आलेल्याची नजर आणि विकायला आलेल्याची नजर यांत जे अंतर असते, ते पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

युरोपला चीन हवा होता

तेराव्या शतकात मार्को पोलोने चीनच्या संपत्तीच्या गोष्टी युरोपात नेल्या. चीनचा विचार मात्र तिकडे पोहोचला तो जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती मिशनऱ्यांकरवी, आणि त्यांची वाट आपल्या गोव्यावरून जात होती. मातेओ रिची हा इटालियन तरुण १५७८ साली गोव्यात उतरला, तेथे शिकला, आणि १५८२ साली मकावला पोहोचला. चीनमध्ये आरंभी त्याने बौद्ध भिक्षूचा वेष घेतला. पुढे त्याच्या ध्यानात आले की, या देशात मान आहे तो विद्वान अधिकाऱ्याला. तेव्हा त्याने भिक्षूची कफनी उतरवून पंडिताचा झगा चढवला, कन्फ्यूशियसचे ग्रंथ मुखोद्गत केले आणि १६०१ साली तो पेकिंगच्या दरबारापर्यंत जाऊन पोहोचला. कन्फ्यूशियसची शिकवण म्हणजे मूर्तिपूजा नव्हे, ते शुद्ध नीतिशास्त्र आहे, असे त्याने युरोपला कळवले. त्याची गरज उघड होती. ती शिकवण पाखंड ठरली असती, तर तिच्या फांदीवर ख्रिस्ती धर्माचे कलम बांधता आले नसते.

१६८७ साली कन्फ्यूशियसचे विचार लॅटिनमधून पॅरिसला छापून निघाले आणि युरोपातल्या विचारवंतांच्या हाती एक नवेच शस्त्र आले. ज्या देशात बायबल पोहोचले नाही तेथेही माणसे नीतीने राहतात, न्याय करतात, राज्य चालवतात! मग नीतीला धर्मपीठाची गरज काय? जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झ याने १६९७ साली लिहिले की, आपण चीनला मिशनरी पाठवतो तसे चीननेही आपल्याकडे पाठवावेत. म्हणजे ते आपल्याला व्यवहारातील नीती शिकवतील. त्याच्या पंथातला ख्रिस्तियान वोल्फ याने १७२१ साली हाल येथील विद्यापीठात कन्फ्यूशियसच्या नीतीची स्तुती करणारे व्याख्यान दिले. धर्ममार्तंड खवळले. १७२३ साली प्रशियाच्या राजाने त्याला हुकूम केला की, अठ्ठेचाळीस तासांत राज्य सोड, नाहीतर फासावर जाशील. एका व्याख्यानाची ही किंमत! व्याख्यानमालेच्या मंडपात बसलेल्या आपण सर्वांनी ती ध्यानात ठेवावी.

फ्रान्समध्ये व्हॉल्टेरने हा झेंडा पुढे नेला. चिनी कथानकावर त्याने १७५५ साली नाटक रंगभूमीवर आणले आणि जगाचा इतिहास लिहायला घेतला तो चीनपासून आरंभ करून. केने या अर्थशास्त्रज्ञाने १७६७ साली चीनच्या राज्यपद्धतीचा गौरव केला. शेती हीच संपत्तीची खाण, हा त्याचा सिद्धान्त होता, आणि शेतीला मान देणारा बादशहा त्याला चीनमध्ये सापडला. उलट माँतेस्क्यूने १७४८ साली असे मांडले की, चीन हे भीतीवर आणि छडीवर चालणारे जुलमी राज्य आहे. त्यालाही आपल्या ग्रंथात जुलमी राज्याचा एक मोठा नमुना हवाच होता.

आता गंमत पाहा. लायब्निट्झ, वोल्फ, व्हॉल्टेर, केने, माँतेस्क्यू यांपैकी एकानेही चीनचा किनारा पाहिला नव्हता. पाद्र्यावर आणि राजावर उगारायला त्यांना एक काठी हवी होती; ती त्यांनी चीनच्या रानातून तोडून आणली. त्या चीनमध्ये खंड भरून मोडलेली कुळे नव्हती, मुलींचे बांधलेले पाय नव्हते, दुष्काळात विकली जाणारी पोरे नव्हती. स्तुती होती, पण ती ज्याची होती त्याला विचारून केलेली नव्हती.

तरी या स्तुतीने काही चांगलेही घडले, हे मान्य केले पाहिजे. घराणे न पाहता परीक्षा घेऊन अधिकारी नेमावा ही चिनी कल्पना युरोपात चर्चेत आली. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात परीक्षेने नोकरभरती करण्याचा प्रश्न निघाला तेव्हा चीनचा दाखला दिला गेला होता. १८५५ पासून हिंदुस्थानच्या सनदी नोकरीसाठी तशी परीक्षा सुरू झाली. आज आपल्या गावची पोरे अभ्यासिकांत रात्री जागवतात, त्या परीक्षांच्या वंशावळीत कन्फ्यूशियसचाही एक धागा आहे.

तराजू फिरला

मग अशी स्तुती होत असलेला चीन शंभर वर्षांच्या आत 'झोपलेला', 'कुजलेला', 'अफूबाज' कसा झाला? चीन बदलला हे काही अंशी खरे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील राज्ययंत्र थकत चालले होते. पण वर्णनातला फरक त्याहून कितीतरी मोठा आहे. त्याचे कारण तत्त्वज्ञानाच्या कपाटात सापडत नाही. ते वखारीच्या वहीत सापडते.

इंग्रजाला चहाचे वेड लागले. चहा पिकत होता चीनमध्ये, आणि चीन त्याच्या बदल्यात इंग्लंडचे लोकरी कापड घ्यायला राजी नव्हता. त्याला चांदी हवी होती. जहाजे भरभरून चांदी पूर्वेकडे जाऊ लागली. १७९३ साली लॉर्ड मॅकार्टनी इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून यंत्रे, घड्याळे आणि नजराणे घेऊन बादशहा चिएन लुंगकडे गेला. बादशहापुढे जमिनीला कपाळ टेकायचे की नाही यावर बराच वाद झाला. शेवटी बादशहाने कळवले की, आमच्याकडे सर्व काही आहे, तुमच्या मालाची आम्हांस गरज नाही. मॅकार्टनी हात हलवत परतला आणि त्याने चीनची तुलना एका जुन्या, डळमळत्या लढाऊ जहाजाशी केली. ज्याने आपला माल नाकारला तो मागासलेला, हे शास्त्र तेव्हापासूनचे आहे.

चांदीला पर्याय सापडला तो अफूचा. ईस्ट इंडिया कंपनी बिहार-बनारसकडील अफूचा मक्ता ठेवून कलकत्त्याला तिचा लिलाव करी, आणि खासगी व्यापारी ती चोरट्या मार्गाने चीनमध्ये उतरवत. चिनी कायद्याने अफूला बंदी होती. १८३९ साली लिन त्से-शू या चिनी अधिकाऱ्याने कॅन्टनजवळ वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त करून नष्ट केली. तुमच्या देशात तुम्ही ज्या विषाला आवर घालता, ते आमच्या देशात का विकता, अशा आशयाचे पत्रही त्याने इंग्लंडच्या राणीला लिहिले. उत्तर तोफांनी आले. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग गेले, पाच बंदरे उघडली, आणि दोन कोटी दहा लाख रौप्य डॉलरचा दंड चीनवर बसला.

आता तत्त्वज्ञान या तोफांच्या मागोमाग कसे चालू लागले ते पाहावे. जर्मनीत हेगेल १८२२ पासून इतिहासावर व्याख्याने देत होता. त्याने चीनला इतिहासाच्या उंबरठ्यावर बसवले; तेथे काळ जातो पण प्रगती होत नाही, असे सांगितले. तेच दीर्घायुष्य, तीच स्थिरता! व्हॉल्टेरला जो गुण वाटला, तो हेगेलला रोग वाटला. कामगार चळवळ ज्याला गुरू मानते त्या मार्क्सनेही अफूच्या व्यापारावर कोरडे ओढले खरे; परंतु १८५३ साली चीनची तुलना त्याने बंद पेटीतल्या, बाहेरची हवा लागताच गळून पडणाऱ्या प्रेताशी केली. गुरू झाला तरी तोही आपल्या काळाच्या खिडकीतूनच पाहत होता, हे शिष्यांनी लपवू नये.

आपले हात

येथपर्यंत आपण युरोपचे माप काढले. पण अफूच्या सगळ्याच पेट्या इंग्रजांच्या नव्हत्या. माळव्यात, म्हणजे प्रामुख्याने शिंदे-होळकरांच्या आणि आसपासच्या संस्थानांच्या मुलखात, अफू पिके. कंपनीने ती अडवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ती पोर्तुगीजांच्या दमणमार्गे निसटू लागली. शेवटी १८३० नंतर कंपनीने परवाना-फी घेऊन ती मुंबईवरून जाऊ दिली. मुंबई शहराच्या भरभराटीत कापसाइतकाच या अफूचाही वाटा आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांची संपत्ती चीनच्या व्यापारात वाढली, आणि त्या व्यापारात अफूही होती. त्यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या रुग्णालयाने लाखो गरिबांना जीवदान दिले, हेही तितकेच खरे. इंग्रज सरकारने त्यांना 'सर' केले ते १८४२ साली. नानकिंगचा तह झाला तेच साल.

पुढे मुंबईच्या गिरण्या निघाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या सुताचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक चीन होते. जपानच्या स्पर्धेने ते हळूहळू हातचे गेले. आपल्या सोलापूरच्या गिरण्यांची गोष्ट निराळी. आपले सूत मुख्यत्वे इथल्याच हातमागावर, पद्मशाली आणि इतर विणकरांच्या घरात, जात असे. पण मुंबईचा गिरणी कामगार जे सूत कातत होता ते चीनमधला विणकर विणत होता, आणि दोघांना एकमेकांचे तोंड ठाऊक नव्हते. चीनविषयी आपल्याला कळे ते इंग्रजी पुस्तकांतून : लांब वेणीचा, अफूच्या नळीशेजारी आडवा झालेला चिनी माणूस. नळीत भरलेली अफू कोणत्या शेतातली, हे त्या चित्राखाली लिहिलेले नसे.

१८९५ च्या सुमारास जर्मन कैसरने 'पिवळ्या संकटा'ची आरोळी ठोकली. जो देश कालपर्यंत झोपलेला म्हणून हिणवला जाई, तोच आता जगाला गिळायला निघालेला ठरला. १९०० साली परकीयांविरुद्ध चीनमध्ये बंड झाले, तेव्हा ते मोडायला आठ राष्ट्रांच्या फौजा गेल्या, आणि इंग्रजांच्या फौजेत आपले हिंदी शिपाई होते. त्यांतल्या ठाकूर गदाधर सिंह या शिपायाने परतल्यावर हिंदीत पुस्तक लिहिले. चिनी खेड्यांची राखरांगोळी पाहून त्याचे मन कळवळले होते. हुकूम गोऱ्याचा, बंदूक गोऱ्याची. पण त्या डोळ्यांनी पाहिले ते स्वतःचे. आमच्या मते आधुनिक काळात हिंदी माणसाने चीनला नीट पाहण्याची सुरुवात इथून धरावी.

शेजारी बसून पाहिलेला चीन

पहिल्या महायुद्धात युरोपने एकमेकांची कत्तल केली आणि त्याच्या सुधारणेचा तोरा उतरला. तेव्हा पुन्हा त्याला चीनमध्ये शहाणपण दिसू लागले. बर्ट्रांड रसेल १९२०-२१ साली चीनमध्ये राहिला आणि परतल्यावर त्याने चिनी जीवनातील शांतपणाची तारीफ केली. पण खरा फरक पडला तो एका जीवरसायनशास्त्रज्ञामुळे. १९३७ साली केंब्रिजमध्ये जोसेफ नीडहॅम याच्या प्रयोगशाळेच्या परिसरात तीन चिनी संशोधक आले. त्यांतल्या लू ग्वेई-जेन या विदुषीकडून तो चिनी भाषा शिकला. त्यांच्याबरोबर काम करताना त्याला प्रश्न पडला : ही माणसे आमच्याइतकीच तल्लख आहेत, मग त्यांच्या पूर्वजांचे विज्ञान आम्हांला ठाऊक कसे नाही? युद्धकाळात तो चीनमध्येच होता. १९५४ पासून त्याच्या महाग्रंथाचे खंड निघू लागले. कागद, छपाई, तोफेची दारू, होकायंत्र हे सारे चीनने जगाला दिल्याचे त्याने पुराव्यानिशी आणि तपशिलाने मांडले. जो देश इतिहासाबाहेर आहे असे हेगेल सांगत होता, त्याच देशाच्या कागदावर हेगेलची व्याख्याने छापली गेली होती!

नीडहॅम केंब्रिजमध्ये चिनी अक्षरे गिरवू लागला, साधारण त्याच काळात आपल्या गावचा एक तरुण चीनला निघाला. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात ते डॉक्टर झाले. १९३७ साली जपानने चीनवर स्वारी केली. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली. काँग्रेसने लोकांकडून निधी जमवला आणि पाच डॉक्टरांचे पथक पाठवले : अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, बंगालचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून निघाले. गुलाम देशाने दुसऱ्या पीडित देशाला पाठवलेली ती मदत होती. एकेकाळी याच मुंबईच्या बंदरातून चीनला अफू गेली होती. आता तिथूनच औषध निघाले.

१९३९ च्या फेब्रुवारीत ते येनानला पोहोचले. सहकारी एकेक करून परतले, कोटणीस राहिले. उत्तर चीनच्या आघाडीवर, जेथे रुग्णालय म्हणजे कधी शेतकऱ्याचे घर तर कधी देऊळ, तेथे त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. एकदा तर विश्रांतीवाचून सलग बहात्तर तास काम केल्याचे सांगतात. ते चिनी भाषा शिकले, इतकी की त्याच भाषेत तेथील पोरांना वैद्यक शिकवू लागले. कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाने निघालेल्या रुग्णालयाचे ते १९४१ साली पहिले संचालक झाले. परिचारिका क्वो चिंग-लान यांच्याशी त्यांनी विवाह केला. मुलाचे नाव ठेवले यिन-हुआ. 'यिन' म्हणजे हिंद आणि 'हुआ' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. वय अवघे बत्तीस. चीनमध्ये ते 'के दी-हुआ' या नावाने ओळखले जातात.

कोटणीसांनी चीनच्या संस्कृतीवर ग्रंथ लिहिला नाही, कन्फ्यूशियसवर प्रवचन केले नाही. तरीही चारशे वर्षांत चीनकडे पाहणाऱ्यांत त्यांची जागा वेगळी आहे. रिचीला चिनी माणूस ख्रिस्ती करायचा होता, व्हॉल्टेरला तो पाद्र्याविरुद्ध साक्षीदार म्हणून हवा होता, मॅकार्टनीला गिऱ्हाईक म्हणून. कोटणीसांपुढे तो जखमी होऊन पडला होता. जखमी माणसाला तू प्रगत की मागास, असे कोणी विचारत नाही; कुठे दुखते ते विचारावे लागते, आणि तेही त्याच्या भाषेत.

भाई-भाई आणि नंतर

आपण मात्र कोटणीसांकडूनही सोयीपुरतेच शिकलो. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले, १९४६ साली व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. १९५४ साली पंचशीलाचा करार झाला आणि 'हिंदी-चिनी भाई-भाई'चा घोष सुरू झाला. डॉ. आंबेडकरांनी त्याच वर्षी राज्यसभेत या करारावरील भरवशाविषयी शंका व्यक्त केली होती. ती फारशा कानांत शिरली नाही. डाव्या चळवळीतल्या आमच्या आधीच्या पिढीतील काहींनी तर व्हॉल्टेरचीच वाट धरली. मालकशाहीविरुद्ध उगारायला त्यांना एक आदर्श देश हवा होता, तो त्यांनी चीनमध्ये पाहिला. १९५९ ते १९६१ या काळात त्या देशात सरकारी धोरणांमुळे कोट्यवधी माणसे उपासमारीने मेली. ती त्या चित्रात आली नाहीत. मेले ते शेतकरीच होते.

मग १९६२ आले. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या युद्धात आपले जवान कामी आले, आणि चित्र एका महिन्यात उलटे झाले. चिनी सरकारवरचा राग न्याय्यच होता. परंतु त्या रागाच्या भरात आसाम-बंगालात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना उचलून राजस्थानातील देवळीच्या छावणीत ठेवले गेले. सुतार होते, चांभारकाम करणारे होते, चहामळ्यांतले कामगार होते, म्हातारे होते, तान्ही मुले होती. काहींना तेथे वर्षानुवर्षे काढावी लागली. गुन्हा काय, तर चेहरा.

सोलापूरकराला तारेच्या कुंपणाचा हा प्रकार नवा वाटू नये. आपल्या गावात 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना इंग्रज सरकारने तेथे तारेच्या आत कोंडले होते. कैकाडी, टकारी, पारधी, भामटा अशा जमातींची ही माणसे दिवसा गिरणीत राबायची आणि हजेरी देऊन पुन्हा तारेत जायची. गिरणीला हात हवे होते तोवर तो हात कामाचा. संध्याकाळी भोंगा झाला की तोच हात चोराचा! तो कायदा १९५२ साली रद्द झाला. दहा वर्षांनी त्याच स्वतंत्र देशाने देवळीला तार ओढली. इतक्या लवकर विसरता येते.

आजही हा पाळणा थांबलेला नाही. चीनचे पाहुणे मुंबईला आले की कोटणीस कुटुंबीयांच्या भेटी होतात, हार घातले जातात. सीमेवर तणाव वाढला की ते नाव मागे पडते. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले, तेव्हा लोकांनी चिनी बनावटीचे दूरदर्शन संच रस्त्यावर फोडले. जवानांचे दुःख खरे होते. पण तो संच ज्याने जोडला त्या चिनी कामगाराची हकिगत कोणाला ठाऊक आहे? त्याला आपली स्वतंत्र संघटना बांधता येत नाही. सरकारमान्य महासंघ एवढीच त्याची संघटना. संपाचा हक्क तेथील राज्यघटनेतून १९८२ साली काढून टाकला गेला. जो देश स्वतःला कामगारांचा म्हणवतो तेथे हे घडते, हे आम्ही कामगार संघटनेचे माणूस म्हणून ठणकावून सांगणार. आणि त्याच तोंडाने हेही सांगणार की, स्वस्त मालाचा राग त्या मजुरावर काढू नका. आपल्या विडी कामगार बाईची आणि यंत्रमाग कामगाराची मजुरी खाली ओढायला त्याची स्वस्त मजुरी दाखवली जाते, आणि त्याला गप्प बसवायला आपली दाखवली जात असेल.

तीन प्रश्न

एवढ्या लांबच्या प्रवासातून घरी न्यायचे काय? आम्ही तीन प्रश्न सुचवतो. कोणी तुम्हांला सांगू लागला की अमुक देशाचे, अमुक जातीचे, अमुक भाषेचे लोक असेच असतात, तर पहिला प्रश्न विचारा : हे सांगणाऱ्याला आज काय हवे आहे? दुसरा : तो त्या लोकांच्या शेजारी बसून कधी काम करून आला आहे काय, त्यांची भाषा त्याला येते काय? तिसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा : ज्यांचे वर्णन चालले आहे त्यांना उत्तर देण्याची मुभा आहे काय? हे प्रश्न निंदेला जसे लावाल तसेच स्तुतीलाही लावा, कारण स्तुतीसुद्धा पुष्कळदा उसनवारीच असते. आणि दुसऱ्यांना लावाल तसे आम्हां कामगार पुढाऱ्यांनाही लावा. 'कामगार म्हणजे असा' हे वाक्य आमच्याही तोंडी फार असते.

सरकारे मैत्री करतील, मोडतील. सीमांचे प्रश्न सरकारांनी ठामपणे सोडवावेत, त्यासाठी जवानांच्या पाठीशी उभे राहणे हे आपले कर्तव्यच आहे. पण एका जनतेने दुसऱ्या जनतेला ओळखणे हे काम सरकारांवर सोडून चालत नाही. कोटणीसांच्या जन्मघरी आज आपल्या शहराने स्मारक उभारले आहे. तेथे पोरांना जरूर न्यावे, हार जरूर घालावा. मात्र येताना त्यांना एवढे विचारावे की, या डॉक्टरांनी चिनी भाषा शिकायला कोणत्या वयात घेतली? उत्तर अठ्ठाविसाव्या वर्षी असे आहे. म्हणजे आपल्यापैकी अनेकांना अजूनही वेळ आहे.